कुलुपातले पाणी

तहानलेल्याने पाणी मागावे आणि ज्याच्याजवळ असेल त्याने ते द्यावे, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. पाण्याला नाही म्हणू नये हे आपल्याकडे पाच वर्षांचे पोरही जाणते. दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढे होतो, मग भांडण. देणाऱ्याचा धर्म असा पक्का ठरलेला आहे. पुराणिकांनी आणि कीर्तनकारांनी तो शेकडो वर्षे सांगितला आहे. परंतु घेणाऱ्याचा धर्म काय? किती घ्यावे, कोणाच्या वाटणीचे घ्यावे, घेण्यापूर्वी काही विचारावे की नाही, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आणि आपण वारकरी तर आळंदीहून निघाल्यापासून पंढरी दिसेपर्यंत वाटेवरच्या गावांचे घेणारेच असतो. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या कोणापेक्षा आपला अधिक आहे.

आम्हांपुढे तो नीट उभा राहिला तो मात्र आपल्या मुलखात नव्हे, मारवाडात. गेल्या फाल्गुनात आम्ही सहा जण पंढरपुराहून घुमानला सायकलींवर निघालो होतो. घुमान हे पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातले गाव. नामदेवरायांनी उत्तरायुष्यात तेथे वास्तव्य केले असे तिकडची माणसेही सांगतात आणि आपणही मानतो. २०२२ पासून पंढरपूर ते घुमान अशी मोठी सायकलयात्रा निघू लागली आहे. तिच्याबरोबर रथ असतो, गाड्या असतात. आमचे तसे काही नव्हते. पाठीमागे दोन पिशव्या, पुढे पडशी, आणि प्रत्येकाजवळ लिटर-लिटरच्या तीन बाटल्या. सरळ रस्ता सोडून जैसलमेर, पोकरण, फलोदी, कोलायत, बिकानेर असा पश्चिमेकडचा लांबचा रस्ता आम्ही मुद्दाम धरला, कारण कोलायतची विहीर पाहायची होती. तिच्याविषयी पुढे येईलच.

वारकऱ्याने पायी जावे, सायकल कशाला, हे आम्हांस पुष्कळांनी ऐकवले. त्यांना एवढेच सांगतो की चालणाऱ्याच्या टाचेला जसे फोड येतात तसे सायकलवाल्यालाही येतात, फक्त ते दाखवता येत नाहीत.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रभागेचे वाळवंट येते: ओली वाळू, टाळांचा गजर, माणसांना माणसे लागलेली. मारवाडात गेल्यावर हा शब्दच परका वाटू लागतो. तेथे सगळीकडे वाळूचे डोंगर असतात असेही नाही. पुष्कळ ठिकाणी कडक, पांढरट माळ; रुईची झुडपे, मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी; आणि नजर जाईल तिथपर्यंत सावलीचा पत्ता नाही. जैसलमेरकडे वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपला सोलापूर जिल्हा अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो, तेथेही याच्या दुपटीहून अधिक पडतो. फलोदी गावाने तर १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद केली, देशात तोपर्यंत मोजलेली सर्वांत मोठी उष्णता. आम्ही त्या फलोदीत मुक्काम करून पहाटे निघालो. फाल्गुन असल्यामुळे पहाट थंड होती, शेकोटीला बसावे इतकी.

फलोदीला लागूनच खीचन नावाचे गाव आहे. हिवाळ्यात हजारो करकोचे उत्तरेकडच्या थंड देशांतून तेथे उतरतात. तिकडे त्यांना कुरजा म्हणतात. गावकरी त्यांच्यासाठी रोज धान्य टाकतात. परतीचे दिवस आले होते, तरी पुष्कळ पक्षी होते. कोणी कोणाला बोलावलेले नाही, कोणी ओळखीचे नाही, आणि तरी पोत्यांनी जोंधळा पडतो. आमच्यातले एक निवृत्त शाळामास्तर, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो, ते हे पाहून इतके भारावले की पुढचे दहा किलोमीटर दानाचा महिमा सांगत राहिले. माळशिरस तालुक्याच्या कोरड्या भागातले एक शेतकरी आमच्यात होते, त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते फक्त एवढे म्हणाले, "जोंधळा पोत्यानं देता येतो, गुरुजी. पाणी किती देतात ते बघू."

बापच्या पुढे मालमोटारींच्या गर्दीला कंटाळून आम्ही मोठा रस्ता सोडला आणि आतल्या सडकेने निघालो. मोठ्या रस्त्यावर ढाबे आहेत, विकतचे पाणी आहे. आत काही नाही. वारा समोरून सुटला. त्यात सराट्यांनी गाठले. सराटा आपल्याकडेही आहे, पण तिकडचा सराटा चाकाची वाटच पाहत असतो. तासाभरात पाच वेळा चाक उघडले. एकेका ठिगळाला पंधरा-वीस मिनिटे, तीही उन्हात, आणि उन्हात बसलेला माणूस चालत्या माणसाइतकेच पाणी पितो. दुपारी एकच्या सुमारास अठरा बाटल्यांपैकी दोघींच्या तळाशी घोटभर राहिले. कोलायत अजून चाळीस किलोमीटर होते.

तेव्हा एक ढाणी दिसली. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, दोन-चार घरांची. अंगणापलीकडे जमिनीत बांधलेले गोल टाके, त्यावर घुमटी, घुमटीला लोखंडी झाकण, आणि झाकणाला भले मोठे कुलूप. टाक्याभोवतीची उतरती जमीन झाडून सारवून ठेवलेली. तिला आगोर म्हणतात. पाऊस पडला की तिच्यावरचे पाणी वाहत टाक्यात जाते. आगोरावर जोडा घालून जात नाहीत. एका मुलाने दुरूनच हात करून आम्हांस अलीकडे थांबवले.

खरे सांगायचे तर त्या कुलुपाकडे पाहून आम्हां सहाही जणांच्या मनात एकच आले. पाण्याला कुलूप! गुरुजी पुटपुटलेदेखील, "सकाळी पाखरांना पोती, आणि इथे हे."

घरातून एक म्हाताऱ्या बाई आल्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला मासा म्हणतात. त्यांनी काही न विचारता आधी खाट सावलीत ओढली, मग कमरेची किल्ली काढून कुलूप उघडले, दोरीला बांधलेली बादली सोडली आणि पितळी लोट्याने एकेकाला ओंजळीत पाणी घातले. ते गार, गोड पाणी. पहिल्या ओंजळीला डोळे मिटतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगायला नको.

पिऊन झाल्यावर आमच्यातल्या तिघांनी सवयीने बाटल्यांची टोपणे उघडली. तात्यांनी आपल्या बाटल्या पिशवीतून काढल्याच नाहीत.

आता येथे थोडा हिशेब सांगितला पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्या हिशेबात आहे. अशा टाक्यात साधारण एकवीस हजार लिटर पाणी मावते. ऐकायला पुष्कळ वाटते. दोनशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर दोनशे लिटर. एक थेंब न मुरता, न उडता सगळे आत गेले तरी एकवीस हजार लिटरला शंभर चौरस मीटरांहून जास्त आगोर लागतो, आणि मुरते व उडते तर पुष्कळच. समजा देवाने भरभरून दिले आणि भाद्रपदात टाके तुडुंब झाले. ते पुढच्या आषाढापर्यंत पुरवायचे, म्हणजे तीनशे दिवस. दिवसाला सत्तर लिटर. सहा माणसांचे घर धरले तर माणशी बारा लिटरही नाहीत, त्यात पिणे, रांधणे आणि शेळ्यांची कोकरे. आमच्या अठरा बाटल्या म्हणजे अठरा लिटर. त्या घराच्या एका दिवसाच्या पाण्याचा चौथा हिस्सा. आम्ही प्यायलो ते निराळेच.

अनुपम मिश्र यांचे 'राजस्थान की रजत बूँदें' हे पुस्तक १९९५ साली निघाले. त्यात पाण्याचे जे तीन प्रकार त्या लोकांनी केले आहेत ते दिले आहेत. आकाशातून पडलेले, टाक्यात वा तळ्यात धरलेले ते पालर पाणी. खोल विहिरीतले, बहुधा खारे, ते पाताळ पाणी. आणि या दोहोंच्या मध्ये, वाळूखाली खडूसारख्या थरामुळे अडकून राहिलेली ओल, जी अरुंद कुईत थेंबथेंब गोळा होते, ते रेजाणी पाणी. ज्या लोकांनी पाण्याला तीन नावे दिली त्यांना पाणी मोजता येत नसेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आणि तसेच झाले. मासांनी उघडलेल्या बाटल्या पाहिल्या, विचारले, कुठे जायचे? कोलायत, आम्ही सांगितले. त्यांनी रस्त्याकडे पाहिले, चाकांकडे पाहिले, आणि म्हणाल्या की पाच कोसांवर शाळा आहे, तिथे पाणी मिळेल, मास्तर संध्याकाळपर्यंत असतो. मग प्रत्येकाची एक बाटली भरली. एकच. तात्यांच्या पिशवीत हात घालून त्यांचीही एक काढली आणि भरली. नंतर झाकण लावले, कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली. गुरुजींनी नातवाच्या हातात नोट ठेवली ती त्यांनी परत करायला लावली. पाण्याचे पैसे आम्ही घेत नाही, म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

त्यांचा मुलगा तेवढ्यात आला. तो म्हणाला, पावसाचे पाणी पौषातच संपले. आता टाक्यात आहे ते विकतचे, कालव्यावरून टँकरने आणलेले.

रात्री कोलायतच्या धर्मशाळेत यावरून चांगलीच जुंपली. गुरुजींचे म्हणणे असे की तात्यांनी बाटली न काढणे हा अहंकार झाला. देणाऱ्याला देण्याचा आनंद असतो, तो हिरावून घेणे बरे नव्हे. उपाशी अतिथी दारातून परत जाणे जसे घराला लागते तसेच हे. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही सगळे घेणारे म्हणून बोलताय. आमचं गाव पालखीच्या वाटेच्या जवळ. २०१९ साली आषाढात आमच्याकडे टँकर होता, तोही दोन दिवसांआड. दिंडी आली. माउलींची माणसं, त्यांना नाही कसं म्हणायचं? पिंप भरून दारात ठेवलं. कोणी प्यालं, बरं वाटलं. एकानं दोन तांबे घेतले, पाय धुतले, एक तांब्या डोक्यावर ओतला आणि रामकृष्णहरी म्हणून गेला. माझी आई उंबऱ्यात बसून बघत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळशी मागून आणली."

हे ऐकल्यावर गुरुजींचे उत्तर थांबले. आमच्या मते तात्यांचे म्हणणे खरे आहे, पण पुरे नाही. नाथमहाराजांची काशीच्या कावडीची गोष्ट घ्या. रामेश्वराला नेण्याची गंगा त्यांनी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. ही गोष्ट ऐकताना प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला नाथांच्या जागी ठेवतो. कीर्तनात बसलेला एकही माणूस आम्ही असा पाहिला नाही जो म्हणेल की मी ते गाढव. त्या दुपारी आम्ही मात्र नाथांच्या जागी नव्हतो, गाढवाच्याच जागी होतो, आणि त्या जागेवरून गोष्ट निराळी दिसते. ते गाढव तहानेपुरते प्यायले. कावड पाठीवर टाकून निघाले नाही. तहान आणि साठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तहानेला कोणी हिशेब विचारत नाही, विचारू नये. साठ्याला हिशेब विचारावाच लागतो, कारण साठा म्हणजे माझ्या उद्याची सोय, आणि ती दुसऱ्याच्या उद्यातून काढलेली.

तथापि गाढवाला पुढे चाळीस किलोमीटर जायचे नव्हते, हेही खरे. प्रवाशाला थोडा साठा लागतोच. तो किती, हे प्रवाशाला कळत नाही. त्याला वाटते तीन बाटल्या रिकाम्या आहेत म्हणजे तीन भरायच्या. ते मासांना कळत होते, कारण पुढचे पाणी कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते. गुरुजी म्हणत होते की देणाऱ्याला मोकळे देऊ द्या, तात्या म्हणत होते की घेऊच नका. मासांनी दोघांचेही केले नाही. त्यांनी पाच कोसांचे पाणी दिले. आणि ते देता आले ते त्या कुलुपामुळे. टाके उघडे असते तर पौषात संपलेले पाणी मार्गशीर्षातच संपले असते आणि फाल्गुनात आलेल्या आम्हां सहा जणांना कोरडी बादली दिसली असती. कुलूप पाहून जे आमच्या मनात आले ते शहरातल्या नळाने शिकवलेले होते. नळाला कुलूप लागत नाही, कारण पाणी संपल्याचे आपल्याला कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो.

आणखी एक गोष्ट आहे जी तात्या बोलले नाहीत, पण आम्हांस बोलली पाहिजे. आम्ही तेथे हौसेने गेलो होतो. आमची तहान आम्ही विकत घेतलेली होती. पंढरपूरला गाडीत बसलो असतो तर लागली नसती. अशा प्रवासाला लोक शाबासकी देतात. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले, त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराकची वाळवंटे आणि पुढे सारे जग ओलांडून १८ मार्च १९२८ रोजी परतले. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण कोणाही सायकलवाल्याने वाळवंट ओलांडले म्हणजे काय, तर वाटेवरच्या कोणाकोणाची पखाल, घागर, टाके तितके कमी झाले. ओलांडणाऱ्याचे नाव राहते. वारीचेही असेच आहे. आम्ही दिवे घाट चढलो, असे आपण म्हणतो. चढताना पाणी कोणी वाटले ते आठवत नाही. कष्ट निवडलेल्या माणसाने कष्ट नशिबी आलेल्या माणसाच्या दारात उभे राहायचे ते जरा बेताने, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलायतची विहीर पाहिली. कोलायत हे कपिलमुनींचे स्थान, मोठे तळे, घाट, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेत मारवाडातून जात असता तहानेने व्याकूळ झाले, विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले, नामदेवांनी मात्र वरूनच विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर भरून वाहू लागली, ही कथा आपणा सर्वांना पाठ आहे. ती याच गावची असे सांगतात. तिच्यावरून योग मोठा की भक्ती मोठी, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे, आम्ही तीत भर घालत नाही. आम्हांस त्या काठावर उभे असता एवढेच सुचले की विहीर वाहू लागल्यावर नामदेव किती प्यायले असतील? ओंजळभर. बाकीचे पाणी गेले कोठे? ते गुराढोरांना, वाटसरूंना, गावाला. हाक एकाने मारली आणि पाणी सर्वांना आले. आपण मात्र या कथेचा आधार घेऊन असे समजू नये की विठ्ठलाचे नाव घेतले की प्रत्येक गावची विहीर वाहू लागते. आपल्यासाठी विहीर वाहत नाही. कोणीतरी बाई घागर भरून आणते.

मासांच्या टाक्यातले कालव्याचे पाणी कोठून येते याचीही चौकशी आम्ही केली. पंजाबात सतलज आणि बिआस यांच्या संगमावर हरिके येथे बंधारा आहे. तेथून निघालेला इंदिरा गांधी कालवा ६४९ किलोमीटर धावून मारवाडात येतो. बिआस म्हणजे घुमानपासून जवळच वाहणारी नदी. आम्ही जेथे निघालो होतो तेथलेच पाणी आम्हांस वाटेत मिळाले, असे गुरुजी म्हणाले आणि त्यांना त्यात मोठा संकेत दिसला. असेलही. पण त्याच बिआसवर हिमाचलात १९७४ साली पोंग धरण पुरे झाले, हजारो कुटुंबांची शेते बुडाली, आणि त्यांना बदली जमीन देण्याचे ठरले ते याच राजस्थानच्या कालव्याखाली. त्यांतल्या अनेकांचा जमिनीचा तंटा पन्नास वर्षांनीही मिटलेला नाही. म्हणजे आमच्या बाटलीतल्या त्या एका लिटरला एक दार नव्हते, दोन होती. एका दारात आम्ही मागून प्यायलो. दुसऱ्या दाराचा आम्हांस पत्ताही नव्हता.

हे दूरचे झाले. आषाढीला चंद्रभागेत स्नानाला पाणी असावे म्हणून ते उजनीतून सोडतात, हे वारकऱ्यांना माहीत आहे. उजनी १९८० साली पुरी झाली. तिच्या पाण्याखाली भीमाकाठची कितीतरी गावे गेली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार उतरले की उन्हाळ्यात बाहेर येते आणि लोक होडीने जाऊन पाहून येतात. त्या गावांची माणसे उठून वर, माळावर बसली. त्यांच्यातही माळकरी आहेत, तीही वारीला येतात. वाळवंटात आपल्या शेजारी उभी राहून ती त्याच पाण्यात बुडी मारतात, आणि आपण त्यांना पुढे सरका म्हणतो.